विजेच्या गाडीची चार वर्षे

विजेची गाडी घेतल्याला आता चार वर्षे होत आली आणि तिने ८१,००० किलोमीटर पार केले आहेत. घेण्यापूर्वी मी एका वहीत दोन रकाने आखले होते, डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे. ती वही परवा कपाट आवरताना हाती लागली आणि वाचताना हसू आले. उजव्या रकान्यात ज्या गोष्टींखाली मी दोन-दोन रेघा मारल्या होत्या, त्यांपैकी बहुतेक माझ्या वाट्याला आल्याच नाहीत, आणि ज्यांनी मला खरोखर खोळंबून ठेवले त्यांचा त्या पानावर उल्लेखही नव्हता. बॅटरी दोन-तीन वर्षांत मरेल, ही माझी सर्वांत मोठी भीती होती. ती मेली नाही. दुसरीच एक बॅटरी मेली. तिच्याविषयी पुढे सांगते.

वहीत न लिहिलेली पहिली गोष्ट म्हणजे गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे वीज कशी पोहोचणार. आमच्या इमारतीत प्रत्येकाची पार्किंगची जागा ठरलेली आहे, एवढ्यावरच मी निश्चिंत होते. त्या जागेपर्यंत तार न्यायची कशी, याचा विचार गाडीचे पैसे भरून झाल्यावर सुरू झाला. माझे मीटर इमारतीच्या एका टोकाला, गाडी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सुमारे ४० मीटरचे अंतर. ७.४ किलोवॉटचा चार्जर एकाच फेजवर ३२ अँपिअर ओढतो आणि ते ओझे सलग सहा-सात तास टिकते, त्यामुळे घरातल्या गिझरला पुरणारी तार त्याला पुरत नाही. केबल जाड लागते, अंतर वाढले की आणखी जाड घ्यावी लागते, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण लागते, आणि मीटरचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. इमारतीच्या समितीची परवानगी हा आणखी एक टप्पा होता. बैठकीत एका आजोबांनी विचारले, "रात्रभर गाडी वीज खाणार, त्याचे बिल आमच्या माथी तर नाही ना येणार?" तार माझ्याच मीटरवरून येणार आहे, हे त्यांना दोनदा समजावून सांगावे लागले, पण प्रश्न रास्त होता आणि तो आधीच विचारला गेला हे बरेच झाले.

हे सारे जुळून येईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर गाडीबरोबर मिळालेल्या लहान चार्जरवर भागवले. साध्या सॉकेटमधून तो २.३ किलोवॉटच्या आसपास ओढत असे, म्हणजे ५० युनिटांची बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला वीस तासांहून अधिक वेळ. शनिवारी दुपारी लावलेली गाडी रविवारी जेवायच्या वेळेला भरत असे. तिसऱ्या की चौथ्या खेपेस प्लग काढताना बोटांना चटका बसला. पाहते तर सॉकेटच्या एका छिद्राभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते आणि जळक्या रबरासारखा हलका वास येत होता. सॉकेट जुना होता, आतला पितळी चिमटा सैल पडला होता, आणि संपर्क सैल असला की तेवढ्याच जागी उष्णता साठते. इस्त्रीला तो वर्षानुवर्षे पुरला, कारण इस्त्री अर्ध्या तासात बंद होते. वीस तास सलग भार वाहण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. ज्यांना रोजचे चार्जिंग साध्या सॉकेटवरच करायचे आहे, त्यांनी निदान नवा, जाड चिमट्याचा सॉकेट आणि त्याच्यासाठी स्वतंत्र तार घ्यावी, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले आहे.

मोठा चार्जर बसला त्या दिवशी मी समारंभ असल्यासारखी खाली उभी होते. वायरमनने स्विच वर केला, मी चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) गाडीत खोचली, आणि हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा लागला. त्याने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला विजेचा दाब मोजला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, चार्जर ठणठणीत आहे. तुमच्या इमारतीचे अर्थिंग नावालाच आहे." माझा विश्वास बसेना, कारण त्याच विजेवर इतकी वर्षे फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र बिनतक्रार चालले होते. घरातली यंत्रे अर्थिंग नसले तरी चालतात, धोका असला तरी तो दाखवत नाहीत. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते पटले नाही तर वीज सोडतच नाही. जमिनीत नवा खड्डा करून नवीन अर्थिंग घातले तेव्हा कुठे हिरवा दिवा दिसला. त्या खर्चाचा आकडा वहीत नव्हता आणि विक्रेत्याच्या पत्रकातही नव्हता.

त्यानंतरचे वर्ष मात्र इतके सुरळीत गेले की त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, आणि ही गाडी बाळगण्यातला सर्वांत मोठा फायदा तोच आहे. रात्री गाडी लावली की गन खोचायची, सकाळी काढायची. दोन्ही मिळून अर्धे मिनिट. इंधनासाठी वाट वाकडी करणे, रांगेत थांबणे, काटा खाली आला म्हणून कामाच्या गडबडीत चडफडणे, हे सारे आयुष्यातून निघून गेले. त्या वर्षी मी पेट्रोल पंपावर गेले ती फक्त चाकांत हवा भरायला. तेल बदलणे नाही, गाळण्या बदलणे नाही (केबिनच्या हवेची एक सोडून), क्लच नाही, सायलेन्सर नाही. सर्व्हिसिंगच्या पहिल्या बिलावर एवढ्या कमी ओळी होत्या की दुसरे पान राहिले की काय म्हणून मी कागद उलटून पाहिला.

खर्चाचा हिशेब मी काटेकोर ठेवला आहे, कारण फायद्यांच्या रकान्यात पहिली ओळ तीच होती. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीत अवघ्या साडेपाच लिटर पेट्रोलइतकीच ऊर्जा आहे, आणि तेवढी मावण्यासाठी गाडीला साडेतीनशे किलोच्या आसपास वजनाची बॅटरी पोटाखाली वाहावी लागते. तरीही एवढ्याशा ऊर्जेवर ती तीनशे किलोमीटर जाते, कारण पेट्रोलच्या इंजिनात ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जातो, तर मोटर तिला मिळालेल्या विजेतील बहुतांश वीज चाके फिरवण्यात लावते. शहरात मला दर शंभर किलोमीटरला सरासरी साडेपंधरा युनिट लागतात. पण हा आकडा गाडीच्या पडद्यावरचा आहे. भिंतीवरचे मीटर नेहमी त्याहून जास्त दाखवते, कारण चार्ज होताना काही वीज वाटेत वाया जाते. मोठ्या चार्जरवर हा तोटा मी १२ टक्क्यांपर्यंत मोजला, आणि सॉकेटवरच्या त्या तीन आठवड्यांत तो त्याहून जास्त होता, कारण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली संगणकयंत्रणा जागी असते आणि वीस तास जागी राहिली तर तिचे खाणे वीस तासांचे होते. हे सगळे धरूनही घरच्या विजेवर मला जुन्या पेट्रोलच्या गाडीच्या सुमारे चौथ्या हिश्शात किलोमीटर पडतो. रस्त्यावरच्या वेगवान चार्जरवर मात्र दर घरच्यापेक्षा दुपटी-तिपटीने जास्त असतात आणि हा फायदा बराचसा आटतो. घरी चार्जिंगची सोय नसलेला आणि सगळी वीज बाहेरून घेणारा माझा एक सहकारी आहे. त्याच्या वहीत आणि माझ्या वहीत एकाच गाडीचे वर्णन आहे असे कुणी म्हणणार नाही. तो आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कुठल्या तरी पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून पाऊण तास बसलेला असतो.

चालवण्याच्या सुखाविषयी मी फार लिहिणार नाही. ते पहिल्या सिग्नलला कळते. आवाज नाही, थरथर नाही, आणि पाय टेकवताच गाडी निघते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्रासारखे काम करून गाडीचा वेग कमी करते आणि वीज बॅटरीत परत घालते. सवय झाल्यावर ब्रेकवर पाय क्वचितच जातो. सवय होईपर्यंत मात्र आजूबाजूच्यांनी सोसावे लागते. पहिल्या महिन्यात बाबा मागे बसले होते आणि मी पाय एकदम सोडत होते; वीस मिनिटांनी ते म्हणाले, "गाडी थांबव, मला मळमळतेय." पेट्रोलच्या गाडीत त्यांना असे कधी झाले नव्हते. पाय हळूहळू उचलायला शिकले तेव्हा ही तक्रार संपली. आवाज नसण्याचीही दुसरी बाजू आहे. पार्किंगमधून सावकाश बाहेर पडताना पुढे चालणाऱ्या माणसाला मागे गाडी आहे हे कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमावलीत अशा गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज करावा अशी तरतूद आहे आणि माझी गाडीही एक बारीक सूर काढते, पण मुले तो ऐकून बाजूला होतीलच असे नाही.

गाडीच्या पत्रकावर ४०० किलोमीटर छापले होते. हा आकडा खोटा नसतो. तो ठरलेल्या चाचणीत, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या वेगांच्या मिश्रणात मिळतो. मला शहरात ३२० मिळतात, आणि महामार्गावर ताशी ११० ने गेले तर २६०. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला हे उलटे वाटते, कारण ती महामार्गावर जास्त काटकसरी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शहरातल्या थांबण्या-निघण्यात विजेची गाडी गमावलेली ऊर्जा परत मिळवते, सलग वेगात परत मिळवण्यासारखे काही उरतच नाही. थंडीत आणखी घट होते. पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिन फुकटात तापवते, विजेच्या गाडीला ती उष्णता बॅटरीतून विकत घ्यावी लागते. तापमान शून्याजवळ गेलेल्या एका आठवड्यात माझे ३२० चे २५० झाले. शिवाय थंड बॅटरी वेगाने चार्ज घेत नाही आणि पाय सोडल्यावर मिळणारी वीजही सुरुवातीचे काही किलोमीटर स्वीकारत नाही, त्यामुळे गाडी नेहमीसारखी अडत नाही आणि चालवणारा दचकतो. यावर उपाय एवढाच की गन लावलेली असतानाच, निघण्यापूर्वी, केबिन तापवून घ्यायची. ती वीज मग भिंतीतून जाते.

चढणीचा हिशेब मला विशेष आवडतो. माणसे धरून १,८०० किलोची गाडी १,००० मीटर उंचावर न्यायची तर निव्वळ उंची गाठायलाच सुमारे ५ युनिट लागतात, आणि उतरताना त्यांतली तीनेक परत मिळतात. घाट उतरताना टक्के वाढताना पाहण्यात एक बालिश आनंद आहे. एकदा मात्र डोंगरमाथ्यावरच्या मुक्कामी मी रात्रभर चार्जिंग लावून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी उताराला लागले. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावणार कुठे? पाय सोडला तरी गाडी अडेना, सगळा भार ब्रेकवर आला, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत चाकांतून तापल्याचा वास येत होता. आता वर मुक्काम असेल तर ८५ टक्क्यांवर गन काढते.

पहिला लांबचा प्रवास बाबांबरोबर झाला, ४२० किलोमीटरचा. मी १८० किलोमीटरवर थांबायचे ठरवले होते. पोहोचलो तेव्हा बॅटरी ३१ टक्क्यांवर होती आणि चार्जरचा पडदा काळा होता. मोबाइलवरच्या नकाशात तो हिरवा, चालू, मोकळा दिसत होता. मी गन लावून पाहिली, ॲपवरून पाहिले, तिथे चिकटवलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलाने यंत्रणा दुरून पुन्हा सुरू करून पाहिली आणि शेवटी क्षमा मागितली. पुढचा चार्जर ४५ किलोमीटरवर आणि मध्ये ६०० मीटरची चढण. गाडीच्या अंदाजाप्रमाणे आम्ही ७ टक्क्यांवर पोहोचणार होतो. मी वातानुकूलन बंद केले, वेग ७० वर आणला आणि मालमोटारींच्या मागे डाव्या कडेने निघाले. बाबा काही बोलत नव्हते, पण पाच-पाच मिनिटांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहत होते. चढणीवर अंदाज ७ चा ५ झाला, माथ्यावर ४, आणि पलीकडच्या सपाटीवर हळूहळू वर सरकत सरकत शेवटी आम्ही ११ टक्क्यांवर पोहोचलो. तिथे ६० किलोवॉटचे यंत्र आणि त्याला दोन गन. एका गनवर आधीच एक गाडी. दुसरी गन लावताच दोघांच्या वाट्याला तीस-तीस किलोवॉट आले. आम्हाला ८५ टक्के हवे होते. दीड तास लागला. बाबांनी त्या दीड तासात एकच वाक्य उच्चारले: "आपल्या जुन्या गाडीने आतापर्यंत पोहोचलो असतो." ते खरे होते आणि मी वाद घातला नाही.

परतीच्या वाटेवर मी शहाणी झाले होते. बॅटरी रिकामी असताना चार्ज भराभर घेते, ८० टक्क्यांच्या पुढे मात्र बॅटरीतल्या पेशींचा विजेचा दाब मर्यादेला पोहोचत आल्याने गाडी स्वतःच वेग कमी करते. २० ते ८० ला पाऊण तास लागतो आणि उरलेल्या २० टक्क्यांनाही जवळजवळ तेवढाच. म्हणून एकदा पूर्ण भरण्यापेक्षा १५ ते ६५ असे दोनदा भरणे फायद्याचे. थांबण्याची जागा निवडताना एकाच यंत्राच्या भरवशावर राहायचे नाही, निदान चार गन असलेली जागा पाहायची, आणि तिच्या अलीकडे किंवा पलीकडे गाठता येईल असा दुसरा पर्याय हाताशी ठेवायचा. त्यानंतर तोच प्रवास मी सहा वेळा केला आहे आणि एकदाही जीव टांगणीला लागला नाही. तरीही पेट्रोलच्या गाडीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, आणि निघण्यापूर्वी दहा मिनिटे नियोजनात जातात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रांग असते, ती वेगळीच. ज्यांना आठवड्यातून दोनदा असा प्रवास करावा लागतो त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.

आता त्या दुसऱ्या बॅटरीविषयी. साडेतीन वर्षे झाली असताना एका पहाटे मी बॅग घेऊन खाली आले आणि रिमोटचे बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. आदल्या रात्री पाहिलेली बॅटरी ७६ टक्के होती, आणि गाडी माझ्यासमोर एखाद्या शिळेसारखी उभी होती: दार उघडत नव्हते, दिवा लागत नव्हता. रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली दडवलेली असते हे पुस्तिकेत वाचून काढले, तिने दार उघडले, बॉनेटची दांडी ओढली. मदतीला आलेल्या मेकॅनिकने पुढे बसवलेल्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर मीटर लावले. काटा साडेनऊच्या खाली होता. मोठी बॅटरी सुरक्षेसाठी जाड संपर्ककळांच्या (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचांच्या) मागे तोडून ठेवलेली असते, आणि त्या कळा ओढणारी वीज या छोट्या बॅटरीतून येते. ती मेली की शेकडो किलोमीटरची वीज पोटात असूनही गाडी जागी होत नाही. मेकॅनिकने बूस्टर जोडला, आतून खट्‌ असा आवाज आला, आणि गाडी काही घडलेच नाही अशा थाटात जागी झाली. पेट्रोलच्या गाडीत ही बॅटरी मरण्यापूर्वी आठवडाभर कण्हते, स्टार्टर रडतो, माणूस सावध होतो. इथे स्टार्टरच नाही, त्यामुळे पूर्वसूचनाही नाही.

या प्रकारात एक गमतीचा ऐतिहासिक पेच आहे. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी गाडी विजेचीच होती. फ्रान्समध्ये कामिय जेनात्झी याने ती चालवली. पुढे पेट्रोलच्या गाड्यांनी विजेच्या गाड्यांना मागे सारले, त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आलेला चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर, ज्याने हाताने दांडा फिरवण्याचा त्रास आणि धोका संपवला. त्या स्टार्टरसाठी गाडीत शिशाची छोटी बॅटरी येऊन बसली. शतकानंतर तिच्याच वंशातली एक बॅटरी माझ्या गाडीला पहाटे साडेपाचला अडवून बसली होती.

टायरांनी दुसरा धक्का दिला. पुढचे दोन ३२,००० किलोमीटरवर बदलावे लागले. जुन्या गाडीत ते ४५,००० सहज जात. गाडीचे वजन आणि निघतानाचा जोर, दोन्ही टायर खातात, आणि दोषाचा काही भाग माझ्या उजव्या पायाकडेही जातो. ब्रेकचे मात्र उलटे आहे: ८१,००० किलोमीटरनंतर पॅड अर्ध्याहून अधिक शिल्लक आहेत. वापरच नाही, म्हणून डिस्कवर गंज धरतो आणि पावसाळी आठवड्यानंतर पहिल्या ब्रेकला खरवडल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिकच्या सल्ल्याप्रमाणे मी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रलला टाकून दोन-तीनदा ब्रेक दाबते, म्हणजे मोटर मध्ये पडत नाही आणि डिस्क घासून स्वच्छ होते. गाडी बंद पडलीच तर ओढून नेण्याचा मार्ग नाही, हेही सांगितले पाहिजे. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरली की ती वीज तयार करू लागते, म्हणून गाडी सपाट वाहनावर चढवूनच न्यावी लागते.

मोठ्या बॅटरीचे काय झाले, हे सगळे विचारतात. माझी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची आहे. गेल्या महिन्यात सर्व्हिस सेंटरमध्ये तपासली तेव्हा मूळ क्षमतेच्या ९३ टक्के शिल्लक निघाली; त्यातली तीनेक टक्के घट पहिल्याच वर्षात झाली होती आणि नंतर वेग मंदावला. हमी ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची आहे आणि त्या आत क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तरच ती लागू होते, त्यामुळे ७५ टक्के उरले तर तक्रार ऐकली जाणार नाही, हे बारीक अक्षरांत वाचून ठेवावे. या प्रकारच्या बॅटरीला एक खोड आहे. तिचा विजेचा दाब मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती वीज उरली याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. दोन महिने मी ८० टक्क्यांवरच थांबत होते आणि एके दिवशी १४ टक्के पाहता पाहता ६ झाले. आठवड्यातून एकदा पूर्ण भरायचे, हे पुस्तिकेत होते, मी वाचले नव्हते. निकेल-कोबाल्टच्या बॅटरीला नेमके उलटे पथ्य असते, तिला रोज काठोकाठ भरणे मानवत नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे मालक एकमेकांना छातीठोक सल्ले देतात तेव्हा घोळ इथेच होतो.

पर्यावरणाची ओळही वहीत होती आणि तिच्याविषयी आता मी जपून बोलते. गाडीच्या मागून धूर निघत नाही, रहदारीत ही गोष्ट लहान नाही. पण बॅटरी बनवताना झालेल्या उत्सर्जनाचे कर्ज घेऊनच गाडी घरी येते, आणि ते किती हजार किलोमीटरनंतर फिटते हे वीज कोळशापासून येते की पाण्यापासून यावर अवलंबून असते. जगातल्या कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोतल्या खाणींतून येतो आणि तिथल्या हालांच्या कहाण्या सर्वश्रुत आहेत; माझ्या प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट नसते, पण ते मी गाडी घेतल्यानंतर शोधून काढले, त्यामुळे त्याचे श्रेय घेण्यात अर्थ नाही.

गेल्या महिन्यात मी गाडी विकून मोठ्या बॅटरीची घ्यावी का, याची चाचपणी केली. तपासणाऱ्याने पत्र्यावरचा एक ओरखडा पाच मिनिटे न्याहाळला आणि बॅटरीचा अहवाल मी पुढे केला तर तो न वाचताच परत दिला. त्याने सांगितलेली किंमत त्याच वयाच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरीच कमी होती. त्याचे म्हणणे असे की नव्या गाड्या तेवढ्याच पैशांत जास्त अंतर जातात आणि जुनी घेणाऱ्याला बॅटरीची धास्ती असते. दर किलोमीटरला वाचवलेल्या पैशांतून ही घट वजा केली तेव्हा चार वर्षांत मी थोडीशीच फायद्यात होते. आणखी चार वर्षे ठेवली तर बरीच असेन. म्हणून ती ठेवते आहे. नव्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मी मार्करने तारीख लिहून ठेवली आहे आणि तीन वर्षे होताच, ती मरायची वाट न पाहता, बदलणार आहे. बाबा आता कामाला जाताना माझीच गाडी मागतात. परत आल्यावर गन स्वतः लावतात, दिवा हिरवा झाला का ते वाकून पाहतात, आणि वर येऊन मला किती टक्के झाले ते सांगतात.